आपत्ती असल्यास तीन दाबा

वृंदा टेंबेनं अर्जातल्या मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलं, तेव्हा तिच्या मनात कसलाही हेतू नव्हता. रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नव्हता, एवढंच. ती कलकत्त्यात डमडमला जन्मली, डमडमलाच वाढली. भांडते बंगालीत, अभ्यास करते इंग्रजीत, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करते हिंदीत. मराठी ती घरी बोलते, तीही बाबा घरात असले तर जरा जपून.

एमबीएचं पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्याचे दोन महिने एखाद्या कंपनीत काढायचे असतात. त्याला इंटर्नशिप म्हणतात. या काळात विद्यार्थी शिकतो असा विद्यापीठाचा समज असतो आणि काम करतो असा कंपनीचा. वृंदाला एका मोठ्या बँकेचं सॉल्ट लेकमधलं ऑफिस मिळालं. तिच्यासारखी सहा मुलं तिथं होती. जाताना त्यांतल्या एका जणाला पक्क्या नोकरीचं पत्र मिळणार होतं. ते हातात पडलं, की पुढचं सगळं वर्ष मुलाखतींच्या रांगेत घाम पुसत उभं राहायला नको. वृंदाला ते पत्र हवं होतं. त्यासाठी तिनं हिवाळाभर छोट्या कारखान्यांना कर्ज देताना जोखीम कशी मोजतात यावर वाचन केलं होतं आणि तोच विषय मागायचा असं ठरवून ती सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हला उतरली.

तिचे साहेब होते सुमित लाहिडी. सगळे त्यांना सुमितदा म्हणत. माणूस भला, शर्ट कडक इस्त्रीचे, आणि दर दोन वाक्यांमागे एक ‘दारुण’. बंगालीत दारुण म्हणजे झकास. मराठीत पराभव दारुण होतो, निराशा दारुण होते. हा फरक वृंदाला त्या दिवशी ठाऊक असता, तर एकच अंगरखा घालून दोन भाषांत दोन वेगळे शब्द फिरत असतात एवढं तिच्या लक्षात आलं असतं आणि पुढचं सारं टळलं असतं.

“क्रेडिट रिस्क?” सुमितदा म्हणाले. “ते सगळेच करतात. तुझ्याकडे त्याहून मोठी गोष्ट आहे, ब्रिंदा. तू मराठी आहेस.”

ही मोठी गोष्ट असल्याचं वृंदाला पहिल्यांदाच कळत होतं.

बँकेची फोनवरची मदतसेवा आता नऊ भाषांत बोलणार होती. ग्राहकानं नंबर फिरवायचा, यंत्रातल्या बाईनं सांगितलेलं बटण दाबायचं. मराठी मजकूर नाशिकच्या एका एजन्सीनं करून दिला होता. तो मुंबईच्या मोठ्या ऑफिसला जड वाटला. पण तिथं तो हलका करायला कुणाला वेळ नव्हता. म्हणून तो फिरत फिरत कलकत्त्याला आला, कारण यादीत तिथं एक टेंबे सापडली होती.

“घरी बोलल्यासारखं वाटलं पाहिजे,” सुमितदा म्हणाले. “आपल्या माणसांशी बोलतो तसं. जमेल ना? दारुण.”

वृंदा हो म्हणाली. पहिल्या दिवशी साहेबाला नाही म्हणायचं नसतं, एवढं तिला एमबीएत शिकवलं होतं.

शेजारच्या खुर्चीवर अनिर्बाण बागची बसायचा. त्याच्याकडे बंगाली आलं होतं. अनिर्बाण वाढला गुडगावात. त्याचं बंगाली मिठायांची नावं आणि आजीच्या शिव्या यांपलीकडे जात नव्हतं, आणि लिपी तर त्याला नक्षीसारखी दिसायची.

“हे काय लिहिलंय?” त्यानं स्क्रीन वृंदाकडे वळवून विचारलं.

“तुझीच भाषा आहे.”

“माझ्या आडनावाची आहे. माझी नाही.”

“मग सुमितदांना सांग ना.”

“तू सांगितलंस?”

तिनं सांगितलं नव्हतं. मग जेवणाच्या सुट्टीत ती त्याला बंगाली वाचून दाखवू लागली, वाचता वाचता दुरुस्त करू लागली, आणि त्याबद्दल तो तिला एगरोल खाऊ घालू लागला. थोड्याच दिवसांत बागचीच्या बंगालीत नाव ठेवायला जागा उरली नाही. बँकेच्या दृष्टीनं व्यवस्था चोख होती.

वृंदाच्या मराठीला मात्र घरात तपासनीस होता. तिचे वडील, मधुकर टेंबे, शाळेत पदार्थविज्ञान शिकवतात. टेंब्यांची चौथी पिढी कलकत्त्यात आहे, आणि या चार पिढ्यांत मराठी बिघडू दिली नाही हा मधुकररावांचा अभिमानाचा विषय. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या पाठांतर स्पर्धेत ते परीक्षक असतात. बंगालीत पाणी ‘खातात’, त्यामुळे इथली मराठी मुलंही ‘पाणी खाल्लं’ म्हणून जातात. मधुकरराव तिथंच गुण कापतात. असे उघडे घुसखोर त्यांनी आयुष्यभर पकडले. पण काही शब्द संस्कृतचं धोतर नेसून आले. त्यांना दारात कुणी हटकलं नाही. ते आत येऊन बसले, जेवले आणि घरचेच झाले.

“बाबा, आपण घरी कधी ‘प्रयत्न करा’ म्हणतो का हो?” वृंदानं रात्री जेवताना विचारलं.

“प्रयत्न पुस्तकात करतात,” मधुकरराव म्हणाले. “घरी आपण चेष्टा करतो. माझे आजोबासुद्धा चेष्टाच करायचे.”

“आणि यांनी जिथं तिथं ‘प्रतीक्षा करा’ लिहिलंय.”

“ते स्टेशनवर ठीक आहे. माणूस माणसाला काय म्हणतो? जरा अपेक्षा कर, आलोच.”

“आणि हे तर बघा. ‘व्यवहाराबाबत आक्षेप असल्यास तीन दाबा.’ आक्षेप म्हणजे पस्तावा ना? पैसे काढल्याचा पस्तावा होत असेल तर तीन दाबायचं?”

मधुकरराव खो खो हसले. “आता नाशिकचं मराठी आपण कलकत्त्याहून दुरुस्त करायचं! अगं, त्यांना आपत्ती म्हणायचंय. व्यवहाराबद्दल कुणाची काही आपत्ती असेल तर.”

वृंदाची आई, सुचित्रा, मूळची सांगलीची. ती हातातला डाव तसाच धरून बापलेकींकडे पाहत राहिली. मग काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं.

“सुचित्रा, कढी,” मधुकरराव म्हणाले.

तिनं कढी वाढली.

इथं बंगाली न येणाऱ्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. अपेक्षा म्हणजे वाट पाहणं. आपत्ती म्हणजे हरकत, आणि आक्षेप म्हणजे हळहळ. टेंब्यांच्या घरात हे सगळे शब्द बंगाली अर्थानं मराठीत नांदत होते, आणि आपण शुद्ध मराठी बोलतो याबद्दल कुणाला शंका नव्हती.

वृंदानं तिन्ही जागी एजन्सीचे शब्द काढून घरचे घातले. मजकूर मंजुरीसाठी मुंबईला कौस्तुभ नावाच्या मोठ्या साहेबांकडे गेला. कौस्तुभ मराठीच. मात्र त्यांचा फोन इंग्रजीत चालतो, आणि मराठीत लिहिलेलं काही वाचायची वेळ त्यांच्यावर सहसा लग्नपत्रिकेपुरतीच येते. वृंदाचा चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं: “मंजूर. टोन मस्त आहे.”

आधी थोड्या भागात चालवून पाहायचं ठरलं आणि वाई व आसपासची गावं निवडली गेली. का, ते कुणी सांगू शकलं नाही. ज्या गावानं विश्वकोशासारखी कामं जवळून पाहिली आहेत, त्या गावाच्या कानात हे मराठी ओतण्यामागे बँकेचा काही हेतू नसावा.

आकडे आले आणि सुमितदा खुर्चीतून उठले. लोक फोन मध्येच ठेवून देत नव्हते. एकदा फोन केलेले लोक पुन्हा पुन्हा करत होते. आणि व्यवहारांबद्दलच्या नोंदवलेल्या तक्रारी एकदम उतरल्या होत्या. इतर आठ भाषांत असं कुठंच झालं नव्हतं.

“लोकांना आपली लाइन आवडतेय,” ते म्हणाले. “ब्रिंदा, हे तू केलंस. मुंबईत तुझं नाव झालंय. पत्र तुलाच.”

त्या संध्याकाळी घरी जाताना उल्टाडांग्याच्या शेअर ऑटोत चौथी सीट म्हणून अर्धी बाहेर लोंबकळत बसूनही वृंदाला बरं वाटत होतं. मधुकररावांनी त्याच दिवशी मंडळात सांगून टाकलं, की टेंब्यांची मुलगी आता महाराष्ट्राचं मराठी तपासायला मुंबईला चालली. मंडळानं शाल-श्रीफळाचा विषय काढला.

शेवटच्या पंधरवड्यात सुमितदांनी तिला सादरीकरणासाठी दोन-तीन खूश ग्राहकांचे ध्वनिमुद्रित फोन निवडायला सांगितलं. वृंदानं हेडफोन लावले.

पहिलाच आवाज खणखणीत होता. “नमस्कार. वाईहून श्यामराव बोलतोय, निवृत्त मुख्याध्यापक. आपल्या बाईंनी मला ‘कृपया थोडी अपेक्षा करा’ असं सांगितलं. बाई, या बँकेकडून अपेक्षा करणं मी मागच्या मॅनेजरच्या वेळीच सोडलं होतं. पण तुम्ही आग्रहच करताय, तर करतो.” मागं चार-पाच म्हातारी माणसं हसत होती. “थांबा रे, आता मुद्दाम पिन चुकवतो. ऐका हं.”

यंत्रातली बाई म्हणाली, “आपला पिन चुकीचा आहे. कृपया पुन्हा चेष्टा करा.”

“ऐकलंत? एकदा करून हिचं समाधान नाही! इतकी मनमोकळी बँक अख्ख्या सातारा जिल्ह्यात नाही.”

कट्ट्यावर हशा उसळला. श्यामरावांनी त्या आठवड्यात रोज फोन केला होता, बहुधा रोज नव्या श्रोत्यांना घेऊन.

वृंदाला ते का हसताहेत ते कळेना. ती पुढचे फोन ऐकू लागली. तीन दाबलं की निरोप ठेवायची सोय होती, आणि लोकांनी सढळ हातानं ठेवले होते. “आपत्ती तशी एकच आहे, आमचे जावई.” “आमच्या आळीत चार दिवस नळाला पाणी नाही, बँक काही करणार आहे का?” “सध्या आपत्ती नाही, पण रविवारी साडू सहकुटुंब येतोय, तेव्हा परत करू का फोन?” हे सगळे निरोप संगणकानं ‘बँकेशी संबंध नाही’ असा शिक्का मारून आपोआप मिटवले होते.

मग एका बाईचा आवाज आला. मेढ्याची होती. थांबत थांबत, अदबीनं बोलत होती.

“मला आपत्ती काही नाही हो, देवाच्या दयेनं घरी सगळे बरे आहेत. मला फक्त हरकत घ्यायची होती. मशीनमधनं पैसे आलेच नाहीत आणि खात्यातनं गेले. एक दाबलं, दोन दाबलं, चारही दाबून बघितलं. ती हरकत घ्यायला कुठलं बटण दाबायचं, तेवढं कुणी सांगाल का?”

हाही निरोप मिटवलेल्यांत होता. तक्रारी का उतरल्या, ते वृंदाला आता कळत चाललं होतं. तक्रार करायला आलेली माणसं ‘आपत्ती’ ऐकून परत जात होती, आणि तीन दाबत होते ते चेष्टेखोर.

घरी पोचली तेव्हा बाबा मंडळात गेले होते. आई ओट्यापाशी परवर चिरत होती.

“आई, चेष्टा म्हणजे काय गं?”

“कुठली?” सुचित्रानं मान वर न करता विचारलं. “इथली, की खरी?”

वृंदा स्टुलावर बसली.

“लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुझे आजोबा म्हणाले, ‘सूनबाई, आज पुरणपोळीची चेष्टा करा.’ मी म्हटलं, मामंजी, आधी होऊ तर देत. कुणी हसलं नाही. मग म्हणाले, ‘मधुकर येईपर्यंत अपेक्षा करा.’ ती मी अजून करतेय.”

“आई! मग त्या दिवशी का नाही बोललीस? आम्ही समोर बसून शब्द बदलत होतो!”

“कढी मागितली ना.”

“अगं, पण...”

“वृंदा, पहिल्या वर्षी मी बोलायचे. तुझे बाबा म्हणायचे, आमच्या तीन पिढ्या असंच बोलतात, तू काल आलेली. मग मीही चेष्टा करायला लागले. आता सांगलीला गेले की माझी बहीण पोट धरून हसते. त्यात मला वाटलं, तुमच्या बँकेला इथलंच मराठी हवं असेल. मोठ्या बँकांचं आपल्याला काय कळतं?”

मधुकरराव आल्यावर वृंदानं त्यांना मेढ्याच्या बाईचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“चार पिढ्यांचं मराठी चूक, आणि त्या मेढ्याच्या बाईचं बरोबर?”

“बाबा, ती मेढ्यात राहते.”

“म्हणजे?”

“म्हणजे मराठीही तिकडंच राहते.”

मधुकररावांनी टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदानं सुमितदांना सांगितलं, की तीन शब्द चुकले आहेत, अर्थ भलताच होतो आणि ते आजच्या आज बदलायला हवेत. अर्थ ऐकून सुमितदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण माणूस कामाचा. दुपारपर्यंत त्यांनी वृंदानं लिहून दिलेले बरोबर शब्द यंत्रात घातले. मेढ्याच्या बाईची तक्रारही स्वतः फोन करून नोंदवून घेतली. मग त्यांनी मुंबईला मेल लिहिला आणि वृंदाला त्याची प्रत पाठवली. ‘मराठी मजकुरात तीन गंभीर चुका होत्या. आमच्या इंटर्ननं त्या स्वतः शोधून काढल्या.’ मुंबईहून लगेच उत्तर आलं: ‘शाब्बास. एजन्सीला पुढचं काम देऊ नये.’

चुका कुणी केल्या, हे मेलमध्ये कुठंच नव्हतं. मजकूर एजन्सीचा, म्हणून चुका एजन्सीच्या, असं सगळ्यांनी धरून चाललं. सुमितदांनीही. कुणी खोटं बोललं नव्हतं.

वृंदा त्यांच्या टेबलापाशी गेली. “सुमितदा, ते शब्द...”

“आता काळजी सोड. आधी नुसते आकडे होते, आता चूक पकडणारी मुलगी म्हणून नाव झालं. दारुण!” त्यांचा फोन वाजला. त्यांनी हातानं ‘एक मिनिट’ अशी खूण केली.

तिला थांबता आलं असतं. ती थांबली नाही, जागेवर जाऊन बसली. हे सांगायला हवं, कारण पुढं तिनं जे केलं त्यावरून ती जात्याच धीट असल्याचा गैरसमज होईल. ती त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि त्या आठवड्यात एकदाही नाही. पत्र अगदी हाताशी आलं होतं.

“गप्प बस,” अनिर्बाणनं एगरोल खाता खाता सल्ला दिला. “एजन्सी आहे. एक बँक गेली, दुसरी मिळेल.”

“किती लोक आहेत त्या एजन्सीत?”

त्यानं फोनवर एजन्सीची वेबसाइट उघडली. ‘आमची टीम’ या पानावर एकच फोटो होता. नेहा दाबके, संस्थापक. मागं कुंडीत एक झाड.

“झाड धरून दोन,” अनिर्बाण म्हणाला. मग त्यानं फोन उलटा ठेवला.

शेवटच्या आठवड्यात सादरीकरण झालं. खोलीत सुमितदा, मनुष्यबळ विभागाच्या एक बाई आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर मुंबईचे कौस्तुभ. वृंदानं आकडे दाखवले, ते कशामुळे वाढले होते तेही सांगितलं, आणि श्यामरावांचा फोन ऐकवला. सगळे हसले. मग कौस्तुभ अचानक मराठीत बोलू लागले, थोडं चाचपडत.

“वृंदा, तुमचं मनापासून कौतुक. कलकत्त्यात राहून मराठी इतकी जपलीत. त्या एजन्सीला जे कळलं नाही ते तुम्हाला कळलं.”

खोलीतल्या बाकीच्यांना यातलं काही समजलं नाही. उत्तर मराठीत दिलं असतं, किंवा ‘थँक यू सर’ एवढंच म्हटलं असतं, तरी सभा तिथं संपली असती. वृंदा इंग्रजीत बोलली, म्हणजे सगळ्यांना कळावं.

“सर, एजन्सीचे शब्द बरोबर होते. चुकीचे शब्द मी घातले होते. आमच्या घरी तसंच बोलतात.”

कौस्तुभ इतके स्तब्ध झाले, की आधी सगळ्यांना नेटवर्क गेल्यासारखं वाटलं.

“पण मग हे मंजूर कुणी केलं?” मनुष्यबळाच्या बाईंनी विचारलं.

“माझ्या नजरेखालून गेलं असेल,” कौस्तुभ म्हणाले.

“टोन मस्त आहे, असं लिहिलं होतं तुम्ही,” वृंदा म्हणाली. टोमणा मारायचा तिचा मुळीच विचार नव्हता. माहिती विचारली, तिनं दिली. आधीच्या कबुलीपेक्षा हे वाक्य तिला महाग पडलं असावं.

दोन दिवसांनी सुमितदा तिला ऑफिसबाहेरच्या टपरीवर घेऊन गेले. मातीच्या कपात चहा आला. ऊन मी म्हणत होतं, तरी सेक्टर फाइव्ह चहा पीत होता.

“हे बघ, ब्रिंदा. चूक करणारा माणूस बँकेला चालतो. आम्ही सगळे करतो. चूक पकडणारा तर हवाच असतो. पण दोन्ही एकच माणूस निघाला, तर त्याला कुठं बसवायचं ते बँकेला कळत नाही.”

“म्हणजे पत्र नाही.”

“नाही.”

“आणि एजन्सी?”

“त्यांचं काम त्यांना परत दिलं. ते मी बघितलं. पाठपुरावा करावा लागला थोडा.” त्यांनी कप खाली ठेवला. “पत्र अनिर्बाणला मिळालं. त्याच्या बंगालीत एकही चूक निघाली नाही.”

वृंदानं चहाचा घोट घेतला.

“दारुण,” ती म्हणाली.

कुठल्या भाषेत, ते सुमितदांनी विचारलं नाही.

मधुकररावांनी मंडळात सांगितलं, की मुलीनं बँकेची नोकरी नाकारली. शाल-श्रीफळाचा विषय त्यामुळे मागं पडला नाही, उलट वाढला. वृंदालाच जाऊन तो थांबवावा लागला. घरात काही दिवस जेवताना शब्द बेतून वापरले जात होते. सुचित्रा मात्र मजेत होती. ती आता मोठ्यानं ‘प्रयत्न कर’ म्हणायची आणि नवऱ्याकडे बघायची. अनिर्बाणनं दोनदा फोन करून माफी मागितली. तिसऱ्यांदा केला तेव्हा वृंदा म्हणाली, माफी पुरे, मोठ्या हॉटेलात जेवायला घाल. त्यानं घातलं.

कॉलेज सुरू झाल्यावर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“वृंदा टेंबे का? मी नेहा दाबके, नाशिकहून. तुम्ही मीटिंगमध्ये माझ्या बाजूनं बोललात असं बँकेतून कळलं.”

वृंदा कुठं बसावं ते शोधू लागली. “तुमचे शब्द बरोबर होते. मला ते पुस्तकी वाटले.”

“पुस्तकीच आहेत हो. तुम्हाला खरं सांगू? आमच्या घरी ‘प्रयत्न’ कोण करतंय? माझा मुलगा म्हणतो, ‘परत ट्राय मार.’ आणि थांबायला ‘होल्ड कर.’ तसं लिहून दिलं असतं तर बँकेनं मलाच घरी बसवलं असतं. तुमची चेष्टा निदान संस्कृत तरी होती.”

वृंदा हसली. उन्हाळ्यापासून या विषयावर ती पहिल्यांदाच हसत होती.

“बरं, कामाचं बोलते,” नेहा म्हणाली. “मला बंगालीचंही काम आलंय. त्याच बँकेचं, पुढचा भाग. आधीचं बंगाली फार स्वच्छ होतं म्हणे, तसंच हवंय त्यांना. इथं नाशकात बंगाली तपासायला मला कोण भेटणार? पैसे शब्दावर. फार नाहीत, पण वेळेवर देते. कॉलेज सांभाळून जमेल का तुम्हाला?”

वृंदानं किती शब्द, किती दिवस आणि एका शब्दाला काय दर, ते विचारलं. नेहानं दर सांगितला. वृंदानं थोडा वाढवून मागितला. नेहानं कुरकुरत दिला.

“चालेल,” वृंदा म्हणाली. “बंगाली पाठवा. मराठी मात्र माझ्याकडे पाठवू नका.”